भिंतीवरचा चौक आणि बेटांवरचा समुद्र

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर बोम्मसंद्रा नावाचे गाव लागते. त्याला गाव म्हणावयाचे ते केवळ जुन्या सवयीने. कारण आज तेथे कारखान्यांची विस्तीर्ण वसाहत आहे, औषधे तयार करणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत, रुग्णालये आहेत, आणि १० ऑगस्ट २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे ते शेवटचे स्थानक आहे. सकाळच्या पाळीच्या वेळी तेथे कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी अशा अनेक भाषा कानी पडतात. मधूनच एखादे मराठी वाक्यही ऐकू येते. त्या गर्दीत गावाच्या नावाकडे लक्ष देण्यास कोणाला सवड नसते. परंतु ते नाव क्षणभर थांबून ऐकण्याजोगे आहे.

बंगळूरच्या आसमंतात 'संद्रा' ह्या शब्दाने संपणारी अनेक गावे आहेत. हा 'संद्रा' म्हणजे 'समुद्र' ह्या शब्दाचे जनसामान्यांच्या बोलण्यात झिजलेले रूप, असे मानले जाते. आणि 'बोम्म' हे 'ब्रह्म' ह्या शब्दाचे कन्नड तद्भव. खरा समुद्र येथून शेकडो मैल दूर. परंतु सुमारे तीन हजार फूट उंचीच्या ह्या पठारावर मोठी नदी नाही. म्हणून पूर्वीच्या लोकांनी ओढ्यांना बांध घालून पावसाचे पाणी अडविले, आणि जे तळे झाले त्यालाच समुद्र म्हटले. तळी बुजली, रस्ते झाले, कारखाने आले. शब्दांत मात्र पाणी शिल्लक राहिले. बोम्मसंद्र्याहून जवळच असलेल्या हुस्कूर येथे आजही मद्दूरम्मा देवीची जत्रा भरते आणि आसपासच्या गावांतून शंभर फुटांहूनही उंच असे लाकडी रथ ओढत आणले जातात. ज्या गावांची शेते गेली, त्यांचा रथ मात्र गेलेला नाही.

लोकांची स्मृती अशा ठिकाणी आश्रय घेते. लेखी इतिहास बहुधा राजांचा, सरकारांचा आणि सावकारांचा असतो. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांचा इतिहास गावाच्या नावात, देवीच्या रथात, आजीच्या कहाणीत आणि भिंतीवरच्या चित्रात जाऊन राहतो. परकी सत्ता आली, माणसे उखडली गेली, जंगले आणि जमिनी हातच्या गेल्या, म्हणजे ह्या आश्रयस्थानांचे मोल वाढते. आजच्या काळातील कित्येक चित्रकार आणि शिल्पकार नेमके ह्याच ठिकाणी शोध घेत आहेत. हा शोध सर्वांत तीव्रतेने घेतला गेला तो पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, कॅरिबियन समुद्रातील बेटांवर; आणि त्याच शोधाचे एक निराळे रूप आपल्या महाराष्ट्रात, डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवर पाहावयास मिळते. ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहिली असता दोहोंवर प्रकाश पडतो.

वेस्ट इंडीज हे नाव मराठी श्रोत्यांच्या परिचयाचे झाले ते क्रिकेटमुळे. सनी रामाधीन आणि रोहन कन्हाय ही नावे ऐकून आपले आजोबा चकित होत असत. इतक्या दूरच्या संघात ही आपल्याकडची नावे कोठून आली, असा प्रश्न त्यांना पडे. त्या प्रश्नाच्या उत्तरातच ह्या बेटांचा सारा इतिहास सामावलेला आहे. १४९२ मध्ये कोलंबस तेथे पोहोचला, तो आपण हिंदुस्थानच्या प्रदेशात आलो अशा समजुतीने. त्यामुळे तेथील मूळच्या लोकांना 'इंडियन' हे नाव पडले आणि बेटांना पुढे 'वेस्ट इंडीज' म्हणू लागले. एका खलाशाची चूक भूगोलात कायम झाली.

त्या बेटांपैकी हिस्पॅनिओला ह्या मोठ्या बेटावर, म्हणजे आजच्या हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक ह्या देशांच्या भूमीवर, तायनो नावाचे लोक राहत होते. त्यांच्या समजुती टिपून घेण्याचे काम कोलंबसाने रामोन पाने नावाच्या एका धर्मोपदेशकाकडे सोपविले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पानेने लिहिलेल्या त्या वृत्तान्तात समुद्राच्या उत्पत्तीची एक कथा आहे. याया नावाच्या एका पुरुषाचा मुलगा बापाच्या जिवावर उठला, तेव्हा बापाने त्याला मारून त्याची हाडे एका भोपळ्यात घातली आणि तो भोपळा घराच्या आढ्याला टांगून ठेवला. काही दिवसांनी भोपळा उघडला, तो हाडांचे मासे झालेले. पुढे एकदा याया घरी नसताना चार भाऊ तेथे आले आणि भोपळा खाली काढून मासे खाऊ लागले. तोच याया परत येत असल्याची चाहूल लागली. घाईघाईने भोपळा वर टांगताना तो पडून फुटला आणि त्यातून एवढे पाणी वाहिले की त्याने पृथ्वी भरून गेली. तोच समुद्र.

कथा साधी आहे, पण तिचा पुढचा भाग इतिहासाने लिहिला. रोगराई, सक्तीची मजुरी आणि कत्तल ह्यांमुळे त्या लोकांचा समाज काही दशकांतच उद्ध्वस्त झाला. त्यांचे रक्त, त्यांचे काही शब्द आणि शेतीच्या काही रीती मात्र मागे राहिल्या. रिकाम्या झालेल्या बेटांवर युरोपीय मळेवाल्यांनी ऊस लावला आणि त्या उसासाठी आफ्रिकेतून माणसे गुलाम करून आणली. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ मध्ये झाला व पुढच्या वर्षी अंमलात आला. परंतु उमेदवारीच्या नावाखाली ते जोखड १८३८ पर्यंत मानेवर राहिले. त्याच १८३८ मध्ये 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही दोन जहाजे हिंदी मजूर घेऊन ब्रिटिश गियानाच्या किनाऱ्याला लागली. १८४५ मध्ये 'फतेल रझाक' हे जहाज त्रिनिदादला पोहोचले. कराराने बांधलेल्या मजुरांची ही वाहतूक १९१७ मध्ये थांबली, तोवर सुमारे २,३९,००० माणसे गियानात आणि सुमारे १,४४,००० माणसे त्रिनिदादमध्ये उतरली होती. रामाधीन आणि कन्हाय हे अशाच मजुरांचे वंशज.

अशा रीतीने एकाच लहानशा भूभागावर तीन प्रकारची तुटलेली माणसे एकत्र आली: भूमी गमावलेले मूळ रहिवासी, भाषा आणि देव हिरावून घेतलेले आफ्रिकी, आणि कराराच्या कागदावर अंगठा उठवून आलेले हिंदी. ह्यांपैकी कोणापाशीही आपल्या भूतकाळाचा अखंड असा पट नव्हता. होते ते तुकडे. १९९२ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या डेरेक वॉलकॉट ह्या कवीने आपल्या पारितोषिक-व्याख्यानाचा आरंभ त्रिनिदादमधील फेलिसिटी नावाच्या खेड्यात चाललेल्या रामलीलेपासून केला होता. उसाच्या रानालगतच्या मोकळ्या जागेत मुले धनुष्यबाण घेऊन खेळत आहेत, आणि कापडाचे व बांबूचे रावण उभे आहेत, हे दृश्य त्याने पाहिले. हे एखाद्या मूळ महाकाव्याचे दुबळे अनुकरण आहे, असा प्रथम झालेला ग्रह त्याने स्वतःच दूर केला. फुटलेल्या भांड्याचे तुकडे जोडताना लागणारे प्रेम, भांडे अभंग असताना आपण जे प्रेम करतो त्याहून अधिक असते, अशा आशयाचा विचार त्याने तेथे मांडला आहे. कॅरिबियन प्रतिभेचे मर्म ह्या विचारात सापडते.

हा सांधेजोडीचा व्यवसाय चित्रकलेत कसा चालतो, हे पाहण्यासाठी दोन चित्रकारांची उदाहरणे पुरेशी आहेत. पहिला क्यूबाचा विफ्रेडो लाम. त्याचा जन्म १९०२ चा. वडील चिनी, आई आफ्रिकी आणि स्पॅनिश वंशाची, आणि धर्ममाता ही आफ्रिकेतून आलेल्या देवतांची उपासना करणारी पुजारीण. तरुणपणी तो स्पेनला गेला, पुढे पॅरिसमध्ये पिकासोच्या सहवासात आला. आफ्रिकी मुखवट्यांचा युरोपीय चित्रकारांवर पडलेला प्रभाव त्याने तेथे पाहिला. म्हणजे आपल्याच आजोळची वस्तू त्याला परक्याच्या दिवाणखान्यात भेटली. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडल्यावर, १९४१ मध्ये तो मायदेशी परतला आणि दोन वर्षांत त्याने 'जंगल' हे आपले प्रसिद्ध चित्र पुरे केले. सुमारे आठ फूट लांबीरुंदीच्या ह्या चित्रात उसाची आणि बांबूची कांडी दाटीने उभी आहेत, आणि त्यांच्यातूनच मुखवट्यासारख्या चेहऱ्यांच्या, लांब हातपायांच्या, अर्ध्या मनुष्यरूप व अर्ध्या वनस्पतिरूप अशा आकृती बाहेर येत आहेत. चित्राचे नाव जंगल असले तरी ऊस हे काही जंगलातले झाड नव्हे. तो ओळीने लावतात, मोजतात आणि विकतात. ज्या उसाच्या फडात माणसे राबून मेली, त्याच फडात त्यांचे देव दडून बसले आहेत, असा अनुभव हे चित्र पाहणाऱ्याला येतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ते १९४५ मध्ये विकत घेतले.

दुसरा चित्रकार गियानाचा ऑब्रे विल्यम्स. १९२६ मध्ये जॉर्जटाउन येथे जन्मलेला हा मनुष्य आरंभी शेतकी खात्यात नोकर होता. नोकरीच्या निमित्ताने त्याची नेमणूक देशाच्या वायव्य भागातील अरण्यात, वाराव ह्या आदिवासी लोकांच्या प्रदेशात झाली. सरकारी अधिकारी म्हणून तो त्यांना शेती शिकविण्यास गेला. परंतु रंग, आकार आणि काळ ह्यांविषयीची नवी दृष्टी त्यालाच त्यांच्याकडून लाभली. १९५२ मध्ये तो इंग्लंडला गेला, तरी ते अरण्य त्याच्या चित्रांतून गेले नाही. गियानाच्या नद्यांकाठच्या खडकांवर प्राचीन लोकांनी कोरलेल्या खुणा आहेत. त्यांना 'टिमेहरी' म्हणतात. ह्या खुणा विल्यम्सच्या चित्रांत पुनःपुन्हा येतात. देश स्वतंत्र झाल्यावर जॉर्जटाउनच्या विमानतळास तेच नाव दिले गेले आणि तेथील भिंतींवर विल्यम्सने १९७० मध्ये मोठी चित्रे रंगविली. वसाहतीच्या राज्यकर्त्यांना जे खडकावरचे ओरखडे वाटले असते, ते नव्या राष्ट्राच्या प्रवेशद्वारी सन्मानाने येऊन बसले.

आजच्या पिढीनेही हा मार्ग सोडलेला नाही. डोमिनिकन प्रजासत्ताकात १९८१ मध्ये जन्मलेली फिरेलेई बाएझ ही चित्रकर्ती जुन्या वसाहतींचे नकाशे आणि जुन्या ग्रंथांची पाने घेते व त्यांवरच आपली चित्रे रंगविते. त्यांत 'सिग्वापा' ही लोककथेतील स्त्री वारंवार दिसते. ह्या सिग्वापेचे पाय उलटे असतात. त्यामुळे तिच्या पाऊलखुणांवरून तिचा माग काढू जाणारा भलत्याच दिशेला जातो. उलट्या पायांची हडळ आपल्याकडच्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. पण तिची गोष्ट आपण भिवविण्यासाठी सांगतो. जेथे मळ्यातून पळालेल्या गुलामांचा माग कुत्र्यांच्या साहाय्याने काढला जाई, तेथे माग न लागू देणारी स्त्री ही भीतीबरोबर सुटकेचीही प्रतिमा होऊ शकते. आणि तिला नेमके नकाशावर उभे करण्यात मोठे औचित्य आहे. कारण नकाशा हे माग काढण्याचेच साधन असते.

आता हेच प्रश्न घेऊन पालघर जिल्ह्यात यावे. येथील वारली लोकांच्या घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर 'चौक' लिहितात. कुडाची भिंत शेणाने आणि गेरूने सारवून तिच्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूची काडी ठेचून केलेल्या कुंचल्याने हे चित्र काढले जाते. ते काढण्याचा मान सवाशिणींचा. चौकोनाच्या मध्यभागी पालघट देवी असते. तिच्या नावातच घट आहे. ती भरलेल्या घटाप्रमाणे समृद्धीची, सर्जनाची देवता. शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पाच शिरांचा पंचशिऱ्या देव असतो. भोवती झाडे, पक्षी, वाघ, मुंग्या, शेतात राबणारी माणसे आणि तारप्याच्या सुरावर गोल फिरणारे नर्तक. माणसाचे शरीर म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी स्त्री गाणी म्हणते, आणि त्या गाण्यांतून देवांना लग्नाचे आमंत्रण जाते. चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. म्हणजे हे चित्र शोभेसाठी नसून विधीचे अंग आहे. गंमत अशी की, तारपा हे वाद्यही वाळलेल्या भोपळ्याचेच केलेले असते. बेटावरच्या भोपळ्यातून समुद्र निघाला. ह्या भोपळ्यातून नाच निघतो.

परंतु ज्या लग्नासाठी हा चौक लिहिला जाई, त्या लग्नाची दुसरी बाजू आपण विसरता कामा नये. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८७८ च्या वनकायद्यानंतर, जंगलावर सरकारी हक्क पक्का होत गेला, आणि जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्या. स्वतःच्या रानात वारली कूळ झाला आणि वेठीला धरला जाऊ लागला. लग्नासाठी कर्ज काढावे, तर त्या कर्जाच्या फेडीसाठी नवरानवरीने सावकाराच्या घरी राबावे. हे राबणे पुष्कळदा जन्मभर संपत नसे. अशा गड्याला 'लग्नगडी' म्हणत. म्हणजे एकाच मुहूर्तावर घराच्या भिंतीवर पालघट प्रकट होई, आणि सावकाराच्या वहीत एका माणसाचे नाव चढे. भिंतीवरचे चित्र आणि वहीतली नोंद, दोन्ही एकाच घटनेचे दस्तऐवज होते. इतिहासकारांनी बहुधा दुसराच वाचला.

ही वेठ मोडली ती १९४५ च्या आदिवासींच्या उठावाने. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली हजारो वारल्यांनी वेठीला आणि लग्नगड्याच्या पद्धतीला नकार दिला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मृत्युमुखी पडले. गोदावरीबाईंनी ह्या लढ्याची हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात लिहून ठेवली. त्या पुस्तकास १९७२ मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. उसाच्या मळ्यातील करारबद्ध मजूर आणि डहाणूच्या रानातील लग्नगडी ह्यांच्यात सात समुद्रांचे अंतर असले, तरी दोघांनाही बांधणारा दोर एकाच जातीचा होता: एक कागद, जो त्यांना वाचता येत नव्हता.

अशा समाजाची चित्रे जगापुढे आली ती १९७० च्या सुमारास. हातमाग व हस्तकलांच्या सरकारी कामात असलेले भास्कर कुलकर्णी हे चित्रकार वारली पाड्यांवर जाऊन राहिले. त्यापूर्वी, बिहारमध्ये दुष्काळ पडला असता पुपुल जयकर ह्यांनी त्यांनाच मिथिलेत पाठविले होते, आणि तेथील स्त्रियांना भिंतीवरची चित्रे कागदावर उतरविण्यास त्यांनी प्रवृत्त केले होते. वारली पाड्यांवर त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. म्हसे ह्यांचा जन्म १९३४ चा. स्त्रियांच्या हातची आणि केवळ लग्नकार्यापुरती असलेली ही लिपी त्यांनी पुरुष असून आत्मसात केली, आणि विधीचा प्रसंग नसतानाही ते रोज चित्र काढू लागले. भिंत नसेल तर शेणाने सारवलेला कागद किंवा कापड. त्यांच्या मोठ्या चित्रांत मासे धरण्याचे एकच जाळे सबंध पृष्ठभाग व्यापते, मुंग्या वारूळ रचतात, माणसांच्या रांगा वळणे घेत जातात. आणि स्थिर रेषांनी काढलेले हे सारे हलते आहे असा भास होतो. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले.

१९८९ मध्ये पॅरिस येथे, पृथ्वीवरील जादूगार अशा अर्थाच्या नावाचे एक प्रचंड प्रदर्शन भरले. त्यात पाश्चात्त्य आणि अन्य देशांतील सुमारे शंभर कलावंतांस समान मानाने एकत्र बोलाविले होते. त्यांत जिव्या सोमा म्हसे होते, आणि हैतीचे जॉर्ज लिओटो हेही होते. हे लिओटो मूळचे लोहार. स्मशानातील थडग्यांसाठी ते लोखंडी क्रूस घडवीत. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या कलाकेंद्राच्या लोकांनी त्या क्रूसांची कारागिरी ओळखून त्यांस उत्तेजन दिले, तेव्हा टाकाऊ तेलपिंपांचे पत्रे कापून ते समुद्रातील मत्स्यकन्या आणि वूडू पंथाच्या देवता घडवू लागले. एकाच्या चित्राचे मूळ विवाहात, दुसऱ्याच्या शिल्पाचे मूळ अंत्यविधीत. दोघांनाही बाहेरून आलेल्या सुशिक्षितांनी 'शोधले'. ह्या 'शोधण्यात' उपकार आहे तशी एक अडचणही आहे. कोलंबसानेही बेटे 'शोधली' होती. जे आधीपासून आहे त्याला दुसऱ्याने पाहिल्यावरच अस्तित्व येते, ही समजूत वसाहतवादाची आहे, आणि कलेच्या जगातून ती सहजासहजी जात नाही.

ह्या पाहण्याच्या प्रश्नाला थेट हात घातला तो बंगळूरच्याच एका कलावतीने. एन. पुष्पमाला ह्यांचा जन्म १९५६ मध्ये बंगळूर येथे झाला. शिक्षणाने त्या शिल्पकार. छायाचित्रकार क्लेअर आर्नी ह्यांच्यासह २००० ते २००४ ह्या काळात त्यांनी 'दक्षिण भारतातील देशी स्त्रिया: रीतिरिवाज' अशा उपरोधिक नावाची छायाचित्रमाला केली. १८६८ ते १८७५ ह्या वर्षांत इंग्रज सरकारने 'हिंदुस्थानचे लोक' नावाचे आठ खंड प्रसिद्ध केले होते. त्यांत जातिजमातींचे नमुने छायाचित्रांनी मांडलेले होते. अंदमानच्या आदिवासींना तर चौकटी आखलेल्या पडद्यापुढे उभे करून, मापे घेऊन, त्यांची छायाचित्रे काढली गेली. पुष्पमालांनी त्या पडद्यापुढे स्वतःला उभे केले. त्याच मालेत राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीचे रूपही त्यांनी धारण केले आहे. ही लक्ष्मी आपल्या देवघरांत आली ती १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस नेलेल्या छापखान्यातून. जर्मन यंत्रांवर छापून. आदिवासी स्त्रीचे 'शास्त्रीय' छायाचित्र आणि देवीचे 'पारंपरिक' चित्र, दोन्ही एकाच शतकाने आपल्या डोळ्यांत बसविली, ही गोष्ट प्रवचन न करता ती छायाचित्रे सांगून जातात.

येथे चौकटीचे दोन अर्थ समोरासमोर येतात. मोजणीच्या पडद्यावरची चौकट माणसाला तिच्या रानापासून, घरापासून, नावापासून वेगळी करते आणि नमुना बनविते. वारली चौक नेमके उलट करतो. तो देवीला, झाडाला, मुंगीला आणि नवरानवरीला एका घरात आणतो. दोन्ही चौकोनच. आखणारा हात कोणाचा आणि कशासाठी आखतो, ह्यावर सारे अवलंबून आहे.

कॅरिबियन आणि वारली ह्यांच्यात एक मोठा भेदही आहे. बेटांवरच्या कलावंताला तुटलेले जोडावयाचे असते; त्याच्या मागे समुद्र आहे आणि समुद्रापलीकडचे घर त्याने पाहिलेले नाही. वारली कलावंताचे घर, भाषा आणि देव अजून जागेवर आहेत; त्याला भय आहे ते ह्यापुढे तुटण्याचे. शहरोशहरी उपाहारगृहांच्या भिंतींवर, पेल्यांवर, साड्यांवर वारली आकृती नाचताना दिसतात. वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि अनेक तरुण चित्रकारांना ह्या कलेने उपजीविका दिली आहे, ही समाधानाची बाब होय. तथापि पेल्यावरच्या चित्रात पालघट क्वचितच असते. नाच येतो, देवी गळते. तारपा येतो, लग्नगडी गळतो. आणि ज्या भूमीवर हे देव वसले तीही बदलते आहे. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण येथे सुमारे ७६,००० कोटी रुपये खर्चाच्या बंदराची कोनशिला ३० ऑगस्ट २०२४ रोजी बसली; त्याला तेथील मच्छीमारांनी व इतर रहिवाशांनी दीर्घकाळ विरोध केलेला आहे. बंदराची आवश्यकता किती, हा वेगळा विषय. पण जाळे, मासा, नदी आणि झाड ही ज्या चित्रलिपीची अक्षरे आहेत, तिची अक्षरे भूमीवरून पुसली गेली तर चित्रात ती किती काळ अर्थपूर्ण राहतील, हा प्रश्न विचारणे प्राप्त आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर सरकार किंवा संग्रहालय एकट्याने देऊ शकणार नाही. काही भाग पाहणाऱ्याकडेही येतो. एखादे वारली चित्र घरी आणताना ते कोणी काढले, त्यातील देवी कोणती, आणि तिची गोष्ट सांगणारे गाव कोठे आहे, एवढे विचारले तरी पाहणे आणि 'शोधणे' ह्यांतला फरक पुष्कळसा साधेल. चित्रकाराचे नाव विचारणे हा साधा शिष्टाचार आहे. परंतु ज्या समाजांची नावेच दुसऱ्यांनी ठेवली, त्यांच्या बाबतीत तो न्यायाचाही भाग होतो.

बोम्मसंद्र्याच्या स्थानकावर उतरणाऱ्या हजारो माणसांपैकी प्रत्येकाच्या मागे असेच एखादे गाव आहे. कोणाच्या गावी देवीचा रथ निघतो, कोणाच्या घरी लग्नात भिंत सारवली जाते, कोणाच्या आजीला उलट्या पायांच्या बाईची गोष्ट ठाऊक आहे. कामासाठी दूर आलेल्या ह्या माणसांना कोणी जहाजात कोंबून आणलेले नाही, हे खरे. पण मुले मोठी होतील तेव्हा त्यांच्या हाती गोष्टीचे तुकडेच राहण्याचा संभव आहे. ते तुकडे फेकून न देता जवळ ठेवावेत. पाणी आटल्यावरही एका तळ्याने आपल्या नावात समुद्र जपून ठेवला आहे; माणसांना तेवढे अशक्य नसावे.